तोंडातील पांढरा चट्टा आणि चमकणारे रंग

तोंडाचा कर्करोग एका रात्रीत उगवत नाही. शेतात तण माजण्याआधी त्याची कोवळी पाने वर दिसतात, तसा हा रोगही पुष्कळदा आपल्या येण्याची वर्दी आधी देऊन ठेवतो. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, किंवा तंबाखूचा बार जिथे धरायची सवय आहे नेमक्या त्या जागी, एक पांढरा चट्टा दिसू लागतो. पुसून तो निघत नाही. बहुधा दुखत नाही, खाण्यापिण्याला अडवत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच माणूस त्याच्याकडे काणाडोळा करतो. या चट्ट्याच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञ काही चमकणारे रंग वापरतात. त्या रंगांविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही. पण आपल्या तोंडातल्या गोष्टीची परीक्षा कशी होते, हे समजून घ्यायला डॉक्टरच असावे लागते असे थोडेच आहे?

आधी या चट्ट्यांची ओळख करून घेऊ. पांढऱ्या चट्ट्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. हे नाव श्विमर नावाच्या हंगेरियन वैद्याने 1877 साली दिले. कधीकधी चट्टा लाल, मखमलीसारखा असतो. तो क्वचित दिसतो, पण पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. तिसरा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. त्यात गालाची आतली कातडी हळूहळू टणक होत जाते, तिखट सोसत नाही, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. मुंबईचे डॉ. जोशी यांनी 1953 साली या विकाराचे वर्णन करून त्याला जे नाव दिले, तेच पुढे रूढ झाले. याचे मूळ सुपारीत आहे. नुसती सुपारी, तंबाखू न घालता खाल्ली तरी, माणसाला कर्करोग करू शकते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केला. तेव्हा ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी चघळतो’ या समाधानात फारसा अर्थ उरलेला नाही.

हे सारे आपल्या घरापासून दूरचे आहे असे समजू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेडोपाडी जाऊन तब्बल 1,01,761 लोकांची तोंडे तपासली आणि 1972 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. डेन्मार्कचे विख्यात दंतवैद्य प्राध्यापक पिंडबोर्ग हेही त्या कामात होते. तोंडातले चट्टे आणि तंबाखूची सवय ही जोडी किती पक्की आहे, हे जगाला दाखवून देण्यात आपल्या खेड्यांतील लोकांनी उघडलेल्या तोंडांचा असा वाटा आहे.

आता खरी अडचण पाहा. चट्टा असलेल्या शंभर माणसांपैकी बहुतेकांना कर्करोग होतच नाही. वर्षाला शंभरात एक-दोन असे साधारण प्रमाण सांगतात, आणि तेही ठिकाणाठिकाणी बदलते. पण ते एक-दोन कोणते? दोन माणसे शेजारी बसली आहेत, दोघांच्या गालात सारखाच चट्टा आहे. एकाचा वीस वर्षे तसाच राहील, दुसऱ्याचा तीन वर्षांत गाठ होऊन बसेल. सगळ्यांचेच चट्टे कापून काढावेत, तर पुष्कळांना नाहक शस्त्रक्रिया सोसावी लागेल. आणि कापल्यावरही चट्टा पुन्हा येऊ शकतो. कुणाचाच कापू नये, तर त्या एक-दोघांचा जीव जाईल.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पेशींची मांडणी किती बिघडली आहे ते पाहून तज्ज्ञ तिला सौम्य, मध्यम किंवा तीव्र असा दर्जा देतात. ही परीक्षा फार मोलाची आहे आणि आजही तीच मुख्य आहे. पण तिच्यात एक उणेपण आहे. एकच निबंध दोन परीक्षकांकडे गेला तर एक पंचावन्न गुण देतो, दुसरा बासष्ट. शिक्षक मंडळींना हा अनुभव नवा नाही. तसेच इथेही होते. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात आले की, नजरेच्या अंदाजाला एखाद्या मापाची जोड देता येईल का? ज्याचे वजन करता येईल असे पेशीत काही आहे का?

आहे. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी एक केंद्रक असते आणि त्यात डी. एन. ए. नावाचे द्रव्य असते. शरीर कसे घडवायचे, कसे चालवायचे, याचे सगळे दप्तर त्यात लिहिलेले असते असे समजा. माणसाच्या पेशीत हे दप्तर 46 गुणसूत्रांत बांधलेले असते. एका पेशीतील सगळे धागे उलगडून सरळ केले तर ते सुमारे दोन मीटर भरतील. वजन मात्र किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. असे साधारण साडेसहा भाग म्हणजे एका पेशीतला डी. एन. ए.

या वजनाची एक खुबी आहे. बीजपेशी सोडल्या तर शरीराच्या बहुतेक पेशींत ते सारखेच असते. ब्वावँ आणि व्हँद्रली दांपत्य या फ्रेंच संशोधकांनी 1948 साली निरनिराळ्या अवयवांतील केंद्रके मोजून ही गोष्ट दाखवून दिली. पेशी दुभंगण्याआधी, भावांची वाटणी होण्यापूर्वी कागदपत्रांची नक्कल करावी, तशी आपल्या दप्तराची पूर्ण नक्कल करते. त्या वेळी वजन दुप्पट होते आणि वाटणी झाली की पुन्हा एकपट. म्हणजे निरोगी पेशीत एकतर एक दप्तर सापडेल, नाहीतर दोन. नक्कल चालू असेल तेवढ्यापुरते या दोहोंच्या मधले.

पण वाटणीच चुकत गेली तर? एका पेशीकडे चार गुणसूत्रे जादा गेली, दुसरीकडे चार कमी पडली, असे घडू लागले तर? जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी याने 1914 साली असा विचार मांडला की, कर्करोगाचे मूळ गुणसूत्रांच्या या चुकीच्या वाटणीत असावे. समुद्रातील साळू नावाच्या प्राण्याच्या अंड्यांत दोन शुक्रजंतू शिरले की काय अनर्थ होतो, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते. त्याचा विचार काळाच्या पुढे होता. आज आपल्याला माहीत आहे की, बहुतेक घट्ट गाठींच्या कर्करोगांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. मग प्रश्न असा, की हा बिघाड गाठ होण्यापूर्वी, साध्या चट्ट्यातच पकडता येईल का? त्यासाठी एकेका पेशीचा डी. एन. ए. जोखायला हवा. इतका नाजूक तराजू आणायचा कुठून?

हा तराजू म्हणजे रंग. 1924 साली फॉयल्गन या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर एक रीत शोधली. तिने पेशीतला फक्त डी. एन. ए. जांभळट तांबडा रंगतो, आणि रंग किती गडद चढला यावरून तो किती आहे ते मोजता येते. ही रीत आजही जगभर वापरात आहे. पुढे तिच्या जोडीला चमकणारे रंग आले.

चमकणारे म्हणजे कसे? हिवतापावरचे क्विनाइन पुष्कळांना ठाऊक असेल. त्याचे पाणी स्वच्छ, बिनरंगी दिसते. पण उन्हात धरले तर त्याच्या कडेला निळसर झाक येते. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार, म्हणजे अतिनील किरण ते पाणी शोषून घेते आणि त्या बदल्यात निळा उजेड परत देते. आयरिश शास्त्रज्ञ स्टोक्स याने 1852 साली याचा उलगडा केला. असे काही रंग डी. एन. ए.ला जाऊन चिकटतात. एकटे असताना ते मिणमिणते असतात, पण डी. एन. ए.शी गाठ पडली की एकदम उजळतात.

त्यांतला एक ‘डॅपी’. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. 1971 साली जर्मनीत ऑटो डान यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला, तो आफ्रिकेतील निद्रारोगासारख्या रोगांवर औषध शोधताना. औषध म्हणून तो गाजला नाही, पण डी. एन. ए.च्या पिळातील अरुंद खोबणीत जाऊन बसणारा आणि तिथे सुमारे वीस पट उजळणारा रंग म्हणून सगळ्या जगातल्या प्रयोगशाळांत पोचला. अतिनील प्रकाशात त्याने रंगवलेली केंद्रके काळोख्या आकाशातल्या चांदण्यांसारखी निळी दिसतात. दुसरा रंग प्रोपिडियम. तो डी. एन. ए.च्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये घुसून लाल उजळतो. तिसरा अॅक्रिडीन ऑरेंज. हा डी. एन. ए.ला चिकटला तर हिरवा चमकतो आणि त्याचा भाऊबंद जो आर. एन. ए., त्याला चिकटला तर नारिंगी-लाल. बर्टालान्फी या शास्त्रज्ञाने 1958 साली स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग ओळखण्यासाठी याच रंगाची रीत सुचवली होती.

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी होते ते पाहू. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कुणाच्या मनात भय राहणार नाही. हे रंग रोग्याच्या तोंडात लावीत नाहीत. ते डी. एन. ए.लाच चिकटणारे असल्यामुळे प्रयोगशाळेतले लोकही ते हातमोजे घालून हाताळतात. चट्ट्यावरून एक छोटा ब्रश दाबून फिरवतात, किंवा तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातल्या पेशी सुट्या करतात. त्या पेशी मद्यार्कासारख्या द्रवात पक्क्या करतात आणि मग रंगवतात. प्रोपिडियम वापरायचा असेल तर पेशीतला आर. एन. ए. आधी एका विकराने नाहीसा करावा लागतो; कारण हा रंग त्यालाही चिकटतो, आणि तसे झाले तर दाण्यांबरोबर कोंडाही तराजूत पडल्यासारखे होईल. रंग प्रकाशाने फिका पडतो, म्हणून काच अंधारात ठेवतात. मग विशिष्ट प्रकाश टाकून प्रत्येक केंद्रकातून किती उजेड परत येतो ते यंत्र मोजते. जेवढा डी. एन. ए. तेवढा रंग, जेवढा रंग तेवढा उजेड. सगळे तत्त्व एवढ्यात आले.

पण बाजारात तराजू नुसता असून भागत नाही, शिक्क्याचे वजनही लागते. इथे ते वजन म्हणजे त्याच नमुन्यात सापडणाऱ्या निरोगी पांढऱ्या रक्तपेशी. त्यांचा उजेड ‘एक दप्तर’ मानायचा आणि बाकीच्या पेशी त्याच्याशी ताडून पाहायच्या. शेकडो केंद्रके मोजून आलेख काढला की निरोगी कातडीचा आलेख ठरावीक दिसतो : एकपटीच्या जागी मोठी टेकडी, दुपटीच्या जागी छोटी. चट्टा बिघडलेला असेल तर मध्येच, दीडपटीच्या आसपास म्हणा, तिसरीच टेकडी उभी राहते. किंवा दुपटीच्याही पलीकडे पेशी विखुरलेल्या दिसतात. वाटणी चुकत असल्याची ती खूण.

दुसऱ्या एका यंत्रात पेशी बारीक धारेतून एकामागून एक प्रकाशासमोरून जातात, आणि मिनिटाला हजारो पेशी मोजून होतात. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड हेडली यांनी 1983 साली यात मोठीच सोय केली. रुग्णालयांत जुने तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले असतात. त्यांतल्या पेशी सोडवून रंगवण्याची रीत त्यांनी दिली. त्यामुळे काय झाले? ज्या रोग्याचे पुढे काय झाले ते आधीच नोंदलेले आहे, त्याचा दहा वर्षांपूर्वीचा चट्टा आज तोलता येऊ लागला.

चमकणाऱ्या रंगांचा आणखी एक उपयोग आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहतो आणि मोठ्या केंद्रकाशेजारी एक छोटे पिल्लू-केंद्रक होऊन बसतो. गालाच्या पेशी खालच्या थरात जन्मतात आणि एक ते तीन आठवड्यांत वर येऊन गळून पडतात. म्हणून वरच्या पेशींतली ही पिल्ले मोजली, तर अलीकडच्या काही आठवड्यांत तंबाखू-सुपारीने खाली किती मोडतोड केली, याचा हिशेब लागतो. साध्या रंगांत इथे फसगत होते; कातडीतले टणक द्रव्याचे दाणेही तसेच रंगतात आणि पिल्लांसारखे दिसतात. डी. एन. ए.लाच ओळखणारा रंग असला की हे सोंग बरेचसे उघडे पडते.

आता तुम्ही म्हणाल, मग झाले तर! रंग लावा, वजन करा आणि सांगून टाका, कुणाला कर्करोग होणार ते. इथे जरा थांबले पाहिजे. या विषयाच्या इतिहासातच आपल्याला सावध करणारी एक गोष्ट घडली आहे. 2001 साली नॉर्वेतील एका संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. ज्यांच्या चट्ट्यांत डी. एन. ए.चे वजन बिघडलेले होते त्यांतल्या शंभरी 84 जणांना कर्करोग झाला, असे त्यात म्हटले होते. सगळीकडे खळबळ उडाली. पण 2006 च्या आरंभी त्याच संशोधकाच्या दुसऱ्या एका लेखातली माहिती बनावट निघाली. 908 माणसांची म्हणून जी यादी त्याने दिली होती, तीत 250 जणांची जन्मतारीख एकच होती! चौकशी झाली, आणि 2001 चा तो लेखही 2006 मध्येच मागे घेतला गेला.

विचार करा, अशा खोट्या आकड्यांवर विसंबून कुणाच्या गालावर सुरी चालली असती, आणि कुणाला ‘तुम्हांला भीती नाही’ म्हणून घरी पाठवले असते. तराजू खरा असून भागत नाही, तोलणारा हातही खरा असावा लागतो.

म्हणून मग दुसऱ्यांनी पुन्हा, नीट मोजायला घेतले. लंडनच्या संशोधकांनी 273 रोग्यांचा 5 ते 15 वर्षांचा मागोवा घेऊन 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजन बिघडलेल्यांपैकी शंभरी 38-39 जणांना पुढे कर्करोग झाला. 84 नव्हे! वजन ठीक असलेल्यांपैकी नव्वदाहून अधिक लोक सुखरूप राहिले. पण सगळे नव्हेत. म्हणजे बिघडलेले वजन ही फाशीची शिक्षा नव्हे, आणि ठीक वजन हा निर्दोष सुटल्याचा दाखलाही नव्हे. वजन आणि तज्ज्ञाची नजर दोन्ही एकत्र घेतली, तर अंदाज एकट्यादुकट्यापेक्षा अधिक चांगला येतो. चट्टा कापायचा की लक्ष ठेवायचे, आणि रोग्याला तीन महिन्यांनी बोलवायचे की वर्षाने, हे ठरवायला त्याची मदत होते. ती मदत लहान नाही. पण तुकडा काढून तपासण्याला ही परीक्षा पर्याय नव्हे, आणि ती मोठ्या ठिकाणीच होते.

मग खेड्यात राहणाऱ्याने काय करावे? त्याच्यापाशी याहून जुने साधन आहे, ते म्हणजे डोळा. केरळात त्रिवेंद्रम भागातील 13 पंचायतींत 1996 साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन, चांगल्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे पाहत. 2005 साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले होते. यंत्र नाही, रंग नाही. पाहणारा माणूस आणि तोंड उघडणारा माणूस, बस्स.

आणि पाहण्याच्याही आधीचा उपाय सवय सोडण्याचा. टाटा संस्थेच्याच संशोधकांनी सुमारे 36,000 तंबाखू वापरणाऱ्या ग्रामस्थांना सवय सोडण्याचा उपदेश केला आणि त्यांचा पाठपुरावा केला. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या हिशेबात दिसून आले की, सवय सोडणाऱ्यांत आणि कमी करणाऱ्यांत नवे पांढरे चट्टे कमी उठले. चट्ट्याची गोष्ट अजून हातची गेलेली नाही, हे यावरून कळते.

तेव्हा महिन्यातून एकदा तोंड स्वच्छ धुऊन, आरशासमोर उजेडात उभे राहा. गाल बोटाने बाजूला ओढा, जीभ उचलून खाली पाहा, दोन्ही कडा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसली, तर आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनीही पाहावे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. डॉक्टरांनी तुकडा काढायचा म्हटले तर भिऊ नका. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असे गावोगाव ऐकू येते, पण त्या भीतीने थांबलेला माणूस चट्ट्याच्या वेळी न जाता गाठीच्या वेळी जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात पेशी शिकवताना गालाच्या आतली पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याचा प्रयोग आपण करताच. त्याच तासाला दोन वाक्ये अधिक सांगावीत : या पेशीत दोन मीटरचे दप्तर आहे, आणि सुपारीची पुडी ते फाडते. मुले घरी जाऊन वडिलांना तोंड उघडायला सांगतील. वडील कदाचित रागावतील. पण उघडतील.